कॅमेऱ्याच्या पुढचा रस्ता

अण्णा, पिंगळीकडून परभणीत येणारा आपला रस्ता आता तुम्हाला ओळखू येणार नाही. कडेची लिंबाची झाडं गेली, डांबर गेलं आणि त्या जागी सिमेंटचा रुंद, पांढरट रस्ता आला. आपलं गाव काही हललं नाही, परभणीच वाढत वाढत आपल्यापर्यंत आली आणि आपण शहरात मोजले जाऊ लागलो. घरपट्टी शहराची आणि पाणी मात्र गावाचंच, असं सगळे हसून म्हणतात. पूर्वी दिवसभरात जेवढ्या गाड्या जायच्या तेवढ्या आता माझा सकाळचा चहा उकळेपर्यंत जातात, आणि अशा जातात की मांडणीवरची ताटं किणकिणतात. तुम्ही असतात तर ओट्यावर बसून नुसत्या आवाजावरून ड्रायव्हरची परीक्षा केली असती. एस.टी. चालवताना तुमच्या तोंडून कधी शिवी गेली नाही, सगळ्या घरी यायच्या. स्वयंपाकघराच्या मोरीत तोंड धुताना तुम्ही दिवसभराच्या साचलेल्या शिव्या एकदम मोकळ्या करायचात आणि आई चुलीपुढून म्हणायची, "लेकरं ऐकायलीत, जरा दमानं." मला त्या वेळी हसू यायचं.

आज लिहायला बसले ती भीतीमुळे. ते आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला आडवळणाचं बोलणं आवडायचं नाही. मला तुमच्या नातवाची भीती वाटते. त्याच्या जिवाची वाटते आणि त्याच्या हातून दुसऱ्या कुणाच्या जिवाचं काही होईल याचीही वाटते, आणि यातली मोठी कोणती हे मला ठरवता येत नाही. तुम्ही गेलात तेव्हा तो पाळण्यात होता. आता तो घरचीच गाडी चालवतो. रेल्वे स्टेशनवरून भाडं घेऊन सेलू, वालूर, कुठे म्हणतील तिकडे जातो. पोरगं वाईट नाही. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असलं तर जेवणाच्या ताटावरून उठून जातो आणि पैसे घेत नाही. हात तर हुबेहूब तुमचे, लांब बोटांचे, स्टेअरिंगवर ठेवले की मला क्षणभर गलबलून येतं. पण पाय तुमचा नाही.

तुमचा पाय मला चांगला ठाऊक आहे. सुट्टीत तुम्ही मला वालूरच्या मुक्कामी गाडीत घेऊन जायचात आणि तुमच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर सतरंजीची चौघडी घालून बसवायचात. खालून चटके, नाकात डिझेलचा वास आणि समोर सगळा रस्ता, मला त्याहून मोठी जागा जगात नव्हती. एका दुपारी आपल्यापुढे कापसाच्या गाठींचा ट्रक चाललेला आहे, तो बाजू देत नाही, मागचे प्रवासी कुरकुरायला लागलेत. "ड्रायव्हरसायेब, बैलगाडी हाय का ही?" कुणीतरी म्हणतं आणि सगळे हसतात. मला तुमचा अपमान सहन होत नाही, म्हणून मीही म्हणते, "अण्णा, घाला ना पुढं." तुम्ही गाडी रस्त्याखाली घेता, थांबवता, आणि माझ्याकडे न बघता म्हणता, "उठ. मागं जाऊन बस." मी जाळीच्या पलीकडे जाऊन बसले आणि वालूर येईपर्यंत मला तुमची फक्त मान दिसत होती. उतरल्यावर तुम्ही म्हणालात, "गाडीवरच्या माणसाला घाई सांगायची न्हाई. त्याच्यापाशी त्याची लय असती." मी रुसून जेवले नाही. तुम्ही समजूत काढली नाहीत, कंडक्टरकाकांनी गुपचूप भजी आणून दिली.

आणि तुमचं ते डिपरचं. समोरून येणारा ट्रक भर उन्हात दिवे लावून विझवतो, तुमचा पाय त्याच क्षणी वर येतो. मी विचारते, "पुढं काय हाय अण्णा?" तुम्ही म्हणता, "मला काय म्हाईत? त्याला म्हाईत हाय." "मग हळू कामून केली?" "डिपर मारला की आधी पाय उचलायचा. कामून मारला ते पुढं गेल्यावर दिसतंच की." पुढे गेल्यावर दिसलं. वळणापलीकडे एक प्रेतयात्रा अख्खा रस्ता धरून चालली होती. तुम्ही इंजिन बंद केलंत, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवलीत, आणि शेवटचा माणूस शेताच्या वाटेला लागेपर्यंत गाडी हलवली नाहीत. तेवढा वेळ मागचं कुणीही कुरकुरलं नाही.

आता इकडचं सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या शाळेच्या फाटकासमोर माझ्याच वर्गातल्या एका पोराला मोटारसायकलनं उडवलं. पोरगा वाचला, पाय वाचला नाही. त्यानंतर मी ठाण मांडलं. अर्ज, सह्या, फेऱ्या, सगळं केलं. वस्तीतून जाणाऱ्या रस्त्याला तीसची मर्यादा आणि एक कॅमेरा, एवढीच मागणी. गाडी जास्त पळाली की कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाचा निरोप घरी येतो, पोलीस उभा लागत नाही. तुमच्या वेळी असं काही नव्हतं, म्हणून सांगितलं. मग विहाराच्या सभागृहात बैठक झाली, आणि अण्णा, अख्खा रस्ताच आत येऊन बसल्यासारखी गर्दी. दूधवाला म्हणाला, "तीसनं गेलो तं डेअरीवर पोचंस्तोर दुधाचं दही व्हईल." ऑटोवाले म्हणाले, "तीसनंच चालवायचं होतं तं रस्ता एवढा रुंद केला कामून?" एक पेन्शनर उठून म्हणाले, लोकं फक्त जुलमान्याला भेतात. दंडासाठीचा तुमच्या तोंडचा तो जुना शब्द कितीतरी वर्षांनी ऐकला आणि मला उगीच धीर आला.

मग तुमचा नातू उठला. आईच्या विरोधात, भर सभेत. "फोटू काडून कुणाचा जीव वाचतो का?" तो म्हणाला. "ज्याला गाडी येत न्हाई त्याला रोका. आमी रोज चालवायलोत, आमाला ब्रेक कळतो." टाळ्या पडल्या. मी म्हणाले, "तुला ब्रेक कळतो, पण रस्त्यावरच्या लेकराला तुझी गाडी कळत नाही." मग मलाही टाळ्या पडल्या. घरी येऊन त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच जिलेबी आणून समोर ठेवली. तेवढ्यावर ते मिटलं.

त्या सभेत आणखी एकीनं तोंड उघडलं होतं, ते मात्र कुणी मनावर घेतलं नाही. आईची मैत्रीण, आपल्या बोळातली शेळ्यांची मावशी. तिला तुम्ही बाजाराच्या दिवशी करडांसकट गाडीत घ्यायचात, आठवतं का? आता पार वाकलीय. बैठकीला आलेल्या वाहतूक शाखेच्या साहेबांना ती म्हणाली, "सायेब, फोटू काडून झाल्यावर गाडी कशी पळंल?" साहेबांना प्रश्न कळला नाही. ते हसून म्हणाले, "आजी, नियम सगळीकडे सारखाच." मावशी खाली बसली आणि शेजारणीला म्हणाली, "मी येगळंच इचारायलेय." माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त शाळेचं फाटक होतं.

कॅमेरा शाळेच्या फाटकापाशीच बसला, कारण विजेचा खांब तिथंच आहे. विहाराच्या वळणावर, जिथं आपला बोळ रस्त्याला लागतो, तिथं काहीच नाही. आणि कॅमेऱ्यानं काम केलं, हे मी नाकारणार नाही. फाटकासमोर गाड्या अशा गरीब होऊन जातात की पोरं हात न धरता रस्ता ओलांडतात. लोकांनी त्याचं नावही ठेवलं, फोटोवाला. "फोटोवाला जागा हाय का?" असं पानपट्टीवर विचारतात. खंडेनवमीला तर गंमतच झाली. आपल्या घरात पूजा नसते, पण स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांबरोबर आपल्याही गाडीला झेंडूचा हार पडतोच. त्या वर्षी सगळ्यांचे हार नेमके खाली सरकून नंबरावर आले. दिवाळी झाली, फुलं वाळून काळी पडली, तरी कुणी हार काढेना. मीही हसले होते. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की फाटकाशी दबलेल्या गाड्या खांब मागे पडला की एकदम सुटतात, जणू मगाशी राहिलेला वेळ तिथंच वसूल करायचा असतो. आणि त्या जिथं सुटतात तिथं विहाराचं वळण आहे. अंथरुणावर पडल्या पडल्या मला गाड्या ऐकू येतात, आधी मंद, मग तो वाढत जाणारा आवाज. तो आवाज पूर्वी आपल्या बोळाशी नव्हता. तो मी अर्ज करून आणला.

मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आम्ही दोघं परभणीहून बाजार घेऊन येत होतो. दिवेलागण झाली होती, मी पुढे त्याच्या शेजारी. शाळेच्या अलीकडे समोरून एक टेम्पो आला आणि त्यानं डिपर मारला. मी तुमच्या पायाकडे बघायची तशी याच्या पायाकडे बघितलं. तो हसला. "बग आई, अजून माणुसकी हाय. फोटोवाल्याचं सांगायलाय." त्यानं गाडी हळू केली, अगदी शिस्तीत, काटा तीसच्या खाली. फाटक आलं, खांब आला, खांब गेला. आणि त्यानं पाय दाबला. मला काहीतरी बोलायचं होतं. पण गाडीवरच्या माणसाला घाई सांगायची नाही, हे तुम्ही माझ्यात इतकं मुरवलंय की दमानं घे म्हणायलाही तोंड उघडत नाही. घाई सांगू नये एवढंच तुम्ही म्हणाला होतात. सबुरी सांगावी की नाही, हे मी कधी विचारलंच नाही.

वळणावर मावशी होती. हातात दावं, दाव्याला शेळी, मागे दोन करडं. दिव्यांच्या उजेडात मला आधी शेळीचे डोळे दिसले. ब्रेक लागला, त्याला ब्रेक कळतो हे खोटं नाही, पण शेळी गेली आणि दाव्यासरशी मावशी ओढली जाऊन सिमेंटवर पडली. त्यानं धावत जाऊन तिला एकट्यानं उचललं, मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजवलं आणि दवाखान्यात नेलं. सबंध वाटेत तो एकच म्हणत होता, "आजी बोल, आजी बोल की." मनगट मोडलं होतं, बाकी ती बचावली. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या शर्टाला रक्त होतं, शेळीचं का मावशीचं कळत नव्हतं. मला म्हणाला, "त्यानं डिपर मारला तवा मी हळू केलीच की आई. कॅमेऱ्यापाशी केलीच की. पुढं आजी हाय असं त्यानं कुठं सांगितलं?"

तो वाद घालत नव्हता, अण्णा. तो मनापासून विचारत होता. त्या टेम्पोवाल्यानं मावशीसाठी डिपर मारला होता, जुन्या पद्धतीनं. पण आता या रस्त्यावर डिपरचा एकच अर्थ राहिलाय, आणि तो याला पाठ आहे. तुम्हाला अर्थ माहीत नसायचा म्हणून तुमचा पाय वर यायचा. याला माहीत होता, म्हणून यानं जिथं हळू करायची तिथं केली आणि काम झालं असं समजला. मी त्याला तुमची ती प्रेतयात्रेची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकली, मान हलवली, आणि म्हणाला, "तवाच्या गोष्टी येगळ्या होत्या." कॅमेऱ्यानं त्या संध्याकाळी आमचा फोटो काढलाच नव्हता, कारण त्याच्यासमोरून आम्ही नियमात गेलो होतो.

मावशीनं कुठे तक्रार केली नाही. त्यानं तिला नवी शेळी आणून दिली, ती तिनं घेतली. प्लास्टरचा हात पदराखाली धरून एकदा ती आपल्या ओट्यावर येऊन बसली. मी चहा दिला. तिनं कप एका हातानं धरला. मग म्हणाली, "तुज्या बापानं माज्या शेळ्यायचं तिकीट कदी मागितलं न्हाई, म्हनून मी गप हाय. पर बाई, पुढल्या खेपंला मधी शेळी नसंल." एवढं बोलून ती चहा प्यायली, कप विसळून पालथा घातला आणि गेली. तिनं रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती उद्या बाजार आहे असं सांगावं तसं सांगून गेली.

तेव्हापासून मी त्या वळणाला गतिरोधक मागतेय. प्रस्ताव वर गेलाय म्हणतात. वर म्हणजे कुठे, ते कुणाला सांगता येत नाही. दरम्यान वस्तीतली लेकरं रोज तिथूनच रस्ता ओलांडून माझ्या शाळेत येतात, आणि फाटकापाशी पोचली की हात सोडून उड्या मारतात, कारण इथं गाड्या हळू असतात हे त्यांनाही कळलंय. वळणावर मात्र त्यांना कुणी वेगळं शिकवलेलं नाही. मी शिकवते, वर्गात रोज सांगते, ती हो म्हणतात. पोरांचं हो मला चांगलं माहीत आहे.

आणि हा तुमचा नातू. थोडे दिवस तो इतका हळू चालवायचा की मागचे भोंगे वाजवायचे. वळणावर तर काच खाली करून बघायचा. मग ते ओसरलं. भाडं वेळेवर पोचवायचं असतं, स्टेशनवर गाडी लागायच्या आत यायचं असतं, आणि रस्ता समोर मोकळा दिसत असतो. आता इतर रस्त्यांवरही कॅमेरे बसलेत आणि त्याला ते सगळे पाठ आहेत. कुठे दबायचं, कुठे सुटायचं, हे तो वालूरपर्यंत डोळे झाकून सांगतो. दोन खांबांच्या मधल्या रस्त्यात तो कसा जातो हे मला कुणी सांगत नाही. त्याच्या तोंडाला बांध नाही, सगळं घरी येऊन बोलतो, फक्त तेवढं बोलत नाही. मी विचारलं की म्हणतो, "मास्तरीण बाई, तुमचा पोरगा नापास व्हणार न्हाई." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून निघून जातो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकता येत नाही हे मला कळतं. घरात ज्यानं वाचायला हवं त्याच्या हाती देण्याचीही हिंमत नाही. म्हणून तुम्हाला लिहिते, आणि जे कुणाला सांगितलं नाही ते सांगते. गाडी माझ्या नावावर आहे. तिच्या नंबराचा दंड पडला की निरोप माझ्या मोबाईलवर येतो, बहुतेक त्याच दिवशी. कुठला रस्ता, किती वाजता, सोबत फोटो. नव्या जागी कॅमेरा बसला की पहिल्या खेपेला तो सापडतोच. मी त्याला बोलते, आवाज चढवते, शेजारी ऐकतात. पण अण्णा, मोबाईल वाजतो तेव्हा आधी मला राग येत नाही. आधी मी फोटो उघडते आणि बोटांनी मोठा करते. काचेमागे तो असतो, जरासा धूसर, तोंड उघडं, बहुधा गाणं म्हणत असलेला. सेलूच्या रस्त्यावर, दुपारी, त्या मिनिटाला तो धडधाकट होता, आणि त्याच्यापुढे रस्त्यावर कुणी नव्हतं. मला इतकं बरं वाटतं की मी खाली बसते. ज्या कॅमेऱ्यांसाठी मी भांडले त्यांनी माझ्या पोराला पकडावं म्हणून मी दिवसभर वाट बघत असते.

आज तो सकाळीच वालूरला गेलाय. दिवे लागले. अजून एकही निरोप आलेला नाही. म्हणजे तो आज नियमात चालला असेल, असंच म्हणायला हवं.